मामांची बंदूक आणि शनिवारचा बार

आमच्या मामांचं चष्म्याचं दुकान आहे आणि त्यांच्याकडे बंदूक आहे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही, पण गिऱ्हाइकांना तो वाटतो. तक्त्यावरची खालची ओळ वाचता आली नाही की काही माणसं उगाचच कावरीबावरी होतात. मी त्याच दुकानात मागच्या बाजूला बसून भिंगं घासते, ती फ्रेममध्ये बसवते, आणि मामांनी गिऱ्हाइकाला सांगितलेल्यातलं निम्मं हळूच दुरुस्त करते. त्यामुळे मामांबद्दल बोलायचा अधिकार माझ्याइतका कुणालाच नाही. मामींना असेल, पण त्या बोलायला लागल्या की जेवण करपतं.

बंदूक मामांनी विकत घेतलेली नाही. ती मामींच्या वडिलांची, शेतातली रानडुकरं हाकलायची दुनळी. ते गेल्यावर मामींच्या भावांनी घर घेतलं, जमीन घेतली, आणि बहिणीला अगदीच काही दिलं नाही असं कुणी म्हणू नये म्हणून बंदूक दिली. मामींना खरं तर आईचं शिसवी कपाट हवं होतं. त्या अजूनही बंदुकीकडे बघून कपाटाची आठवण काढतात.

परवाना मामांच्या नावावर झाला त्या दिवसापासून मामांची चाल बदलली. आधी ते गल्लीतून चष्मेवाल्यासारखे चालायचे, म्हणजे थोडे पुढे वाकून. आता बंदोबस्ताला आल्यासारखे चालायला लागले. आणि त्यांना एक तत्त्व सापडलं. ज्याच्याकडे हत्यार आहे त्याने दुसऱ्याचा जीव वाचवायलाच पाहिजे, नाहीतर त्याला हत्यार ठेवायचा हक्कच नाही. हे ते इमारतीच्या सभेत बोलले, चहाच्या टपरीवर बोलले, एकदा तर एका म्हातारीला मोतीबिंदू समजावून सांगतासांगता मध्येच बोलले.

"छत्री ज्याच्या हातात, त्याने शेजारच्याला भिजू देऊ नये. तसंच हे," असं त्यांचं म्हणणं.

"गेल्या वर्षी मी भिजत आले बाजारातून," मामी म्हणाल्या. "छत्री तुमच्याच हातात होती."

आता या रक्षणकर्त्याची तयारी ऐका. बंदूक घरी माळ्यावर, जुन्या पडद्यात गुंडाळलेली. माळ्याच्या कुलपाची चावी मामींच्या तांदळाच्या डब्यात. काडतुसं दुकानात, चष्म्याच्या एका रिकाम्या पेटीत, आणि ती पेटी कोणती यावरून मामांचं आणि माझं दर महिन्याला वाजायचं. म्हणजे एखादा दरोडेखोर आलाच, तर त्याला बसायला खुर्ची आणि प्यायला पाणी देऊन थांबवून ठेवावं लागलं असतं. मामांनी ती बंदूक आयुष्यात दोनदाच चालवली, तीही सासुरवाडीच्या शेतात. पहिला बार फुसका निघाला. दुसरा उडाला तेव्हा मामा मागच्या मागे गवतात बसले आणि डोळ्यावरचा चष्मा उडून गेला. चष्मा सापडला. गोळी कुठे गेली ते कुणालाच सांगता येत नाही.

पण गल्लीला हे कुठे माहीत होतं. गल्लीने त्यांचं नाव बंदूकमामा ठेवलं आणि सगळी जोखीम त्यांच्या गळ्यात टाकून हात झटकले. दुसऱ्या मजल्यावरचे सर येऊन म्हणाले, माझ्या जागेत रोज कुणीतरी स्कूटर लावतो, तुम्ही नुसतं येऊन उभे राहा. एक बाई म्हणाली, मुलगा अभ्यासाला बसत नाही, नुसती दाखवा. शेजारचा इस्त्रीवाला तर कबुतरांसाठी मागे लागला होता. मामा सगळ्यांना गंभीरपणे सांगायचे, की हे हत्यार जीव वाचवण्यासाठी आहे. मग लोक म्हणायचे, बरं, मग जीवावर बेतलं की बोलावतो. आणि निर्धास्त होऊन घरी जायचे. मला या निर्धास्तपणाचा फार राग यायचा. तेव्हा का यायचा ते मला नीट सांगता आलं नसतं.

जीवावर बेतलेलं एक माणूस आमच्या गल्लीत होतं आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. आमच्या दुकानासमोर जी टेलरताई बसते, ती. तिचा नवरा गल्लीच्या टोकाला गॅरेज चालवतो, आणि लग्नानंतरची सहा-सात वर्षं ती त्या गॅरेजवरच्या खोलीत राहत होती. वरून भांडी पडल्याचे आवाज यायचे. खुर्ची पडल्याचे यायचे. तिचा आवाज मात्र कधी यायचा नाही. दुसऱ्या दिवशी ती डोळ्याखाली काळंनिळं घेऊन खाली यायची आणि म्हणायची, पाय घसरला. लोक एकमेकांना म्हणायचे, मामांना सांगायला पाहिजे. मामांना ते सांगायचेही. मग मामा तिला गाठून हळू आवाजात म्हणायचे, "पोरी, फक्त एक हाक मार. बंदूक तयार आहे." ती मान डोलवायची. हाक काही आली नाही.

एक दिवस ती आपली आपणच मुलीला कडेवर घेऊन आणि शिलाई मशीन हातगाडीवर टाकून निघाली, आणि आमच्या समोरचा गाळा भाड्याने घेऊन तिथेच पोटमाळ्यावर राहायला लागली. नवऱ्याने काही दिवस फुत्कार टाकले. मग गल्लीभर सांगत सुटला, की शनिवारी येतो आणि दोघींना उचलून नेतो, बघू कोण अडवतं ते. कोण अडवणार हे गल्लीला पाठच होतं. सगळ्यांनी आमच्या दुकानाकडे बघितलं.

मामा तिच्याकडे गेले आणि तिला शब्द देऊन आले. "मी असेपर्यंत तुझ्या उंबऱ्याच्या आत त्याचा पाय पडणार नाही." घरी येऊन त्यांनी मामींकडे चावी मागितली. मामींनी डब्यात हात घालून तांदूळ ढवळले, चावी सापडली नाही, डबा परातीत ओतला, तेव्हा सापडली. मामा रात्रभर कुशी बदलत होते असं मामी म्हणाल्या. म्हणजे त्या बाईच्या जीवाची काळजी तर होतीच, पण आता आपल्याला खरंच चाप ओढावा लागणार की काय, या विचाराने मामांची पाचावर धारण बसली होती.

त्याच आठवड्यात धाकटीचं लग्न ठरलं. धाकटी म्हणजे मामांची दुसरी मुलगी. मुलाला परदेशी नोकरी लागलेली, त्याला जायची घाई, म्हणून चार माणसांत घरच्या घरी झटपट उरकायचं ठरलं. व्याही दुसऱ्या गावचे. मामांची अशी समजूत आहे, की फोनवरचा माणूस जितका लांब तितकं मोठ्याने बोलायला हवं. ते दुकानाच्या दारात उभे राहून ओरडले, "आता थांबण्यात अर्थ नाही. शनिवारी बार उडवून टाकू. हो हो, माझी पूर्ण तयारी आहे. उशीर केला तर माणूस हातचा जाईल."

शेजारी इस्त्रीवाल्याच्या हातातली इस्त्री जागच्या जागी थांबली. एका गिऱ्हाइकाचा पांढरा शर्ट त्यात गेला. लग्नाचा बार उडवतात हे शेंबड्या पोरालाही कळतं, पण ज्याच्या माळ्यावर दुनळी आहे, तो शनिवारी बार उडवणार म्हणाला तर कोण लग्नाचा विचार करणार? तोच शनिवार. इस्त्रीवाला छाती फुगवून कपडे पोचवायला निघाला आणि दारोदार सांगत गेला, मामा उडवणार. गॅरेजात तर त्याने मुद्दाम थांबून सांगितलं.

गॅरेजवाल्याची बोबडी वळली. बायकोसमोर वाघ असणारा हा माणूस दोन दिवस गाडीखालून बाहेर आला नाही. गिऱ्हाइकांशी तो गाडीखालूनच बोलायचा आणि डोक्यावर हेल्मेट. शेवटी तो पोलीस ठाण्यात गेला आणि माझ्या जीवाला धोका आहे अशी तक्रार देऊन आला. हे ऐकून टेलरताई म्हणे पहिल्यांदाच खळखळून हसली. तिच्या जीवाला सात वर्षं धोका होता, पण तिला कधी ठाण्याचा रस्ता सापडला नव्हता.

मामांना ठाण्यातून बोलावणं आलं. सोबत मी गेले, कारण मामा चष्म्याशिवाय सही करतात आणि चष्मा घालून वाद घालतात. साहेब शांत होते. पेन टेबलावर आपटत ते म्हणाले, "शनिवारी बार उडवायचा असं तुम्ही म्हणालात का?"

"म्हणालो," मामा म्हणाले.

"कुणाचा?"

"धाकटीचा."

साहेबांचं पेन थांबलं. "पोटच्या मुलीचा?"

"मग काय परक्याच्या? थोरलीचा दोन वर्षांपूर्वीच उडवला."

"घरच्यांना माहीत आहे हे?"

"अहो, घरच्याच तर मागे लागल्या होत्या. म्हणाल्या, एकदाच्या दोघी उजवल्या की आपण सुटलो."

उजवल्या म्हटल्यावर साहेबांच्या डोक्यात प्रकाश पडला. ते इतके हसले, की बाहेरचा हवालदार आत डोकावून गेला. पण हसून झाल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, तक्रार आहे, चौकशी होईपर्यंत बंदूक इथे जमा करावी लागेल. मामांनी टेलरताईची सगळी हकिकत सांगितली. साहेबांनी ती ऐकून घेतली, शनिवारी गल्लीत एक माणूस फिरता ठेवतो म्हणाले, आणि बंदूक ठेवून घेतली.

परतताना मामा एकदम हलके वाटत होते. मला ते आवडलं नाही.

"सुटलात तुम्ही," मामी घरी म्हणाल्या. "ज्याच्याकडे हत्यार त्याची जबाबदारी ना? आता हत्यारच नाही."

तत्त्व त्यांचंच होतं. त्यात पळवाट निघेल हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं, आणि निघालेली पळवाट हवीहवीशी वाटते आहे, हेही त्यांना आवडलेलं नव्हतं. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

बंदूक ठाण्यात गेली ही बातमी गल्लीत पसरली. गॅरेजवाला गाडीखालून बाहेर आला. हेल्मेट उतरलं.

शनिवारी लग्न संध्याकाळी होतं आणि मामांचा सूट सकाळपर्यंत तयार नव्हता. दोष टेलरताईचा नाही. मामांनी कॉलर तीनदा बदलायला लावली होती. आम्ही तिच्या गाळ्यात होतो, मी समोर मोठा आरसा धरून, मामा मधोमध एक हात पसरून. कोटाला एकच बाही लागली होती. दुसरी टेबलावर पडली होती. कॉलर, खांदा, छाती, सगळीकडे टाचण्या टोचलेल्या. पँटची शिलाई सुटलेली, ती मामांनी कोपराने धरली होती. टेलरताईने सांगून ठेवलं होतं, हलू नका, टोचेल. तिची मुलगी पोटमाळ्यावर चित्रं काढत होती.

आरशात मला आधी तो दिसला. गॅरेजवाला, हातात चाकाचे नट काढायचा लांब पाना. साहेबांनी ठेवलेला फिरता माणूस गल्लीच्या दुसऱ्या टोकाला फिरत होता. टेलरताईच्या हातातून खडू पडला. ती पोटमाळ्याच्या शिडीपाशी जाऊन उभी राहिली.

मामा वळले. टाचण्या टोचल्या असाव्यात, कारण त्यांचा चेहरा वाकडा झाला. एका हाताने पँट धरून आणि दुसरा उघडा हात चौकटीला लावून ते दारात जाऊन उभे राहिले. एका बाहीचा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

"बाजूला हो," गॅरेजवाला म्हणाला. "तुझी बंदूक ठाण्यात आहे."

"आहे," मामा म्हणाले. आवाज पार चिरकला होता. "बंदूक ठाण्यात आहे. मी इथे आहे."

त्याने पाना उगारला. मामांनी डोळे गच्च मिटले, पण हलले नाहीत. पाना खांद्यावर बसला, नशिबाने कोटाच्या जाड गादीवर. मामा "आई गं" म्हणाले आणि चौकट सोडली नाही. मग गॅरेजवाल्याने त्यांना बाजूला फेकायला कॉलर धरली, मूठभर, सगळा जोर लावून.

कॉलरमध्ये किती टाचण्या होत्या ते टेलरताईलाच माहीत. त्याने अशी बोंब ठोकली, की गल्लीचं टोकसुद्धा गोळा झालं. पाना सुटून त्याच्याच पायावर पडला आणि तो एका पायावर नाचायला लागला.

आणि मग एक गोष्ट झाली जी आमच्या गल्लीत कधी झाली नव्हती. माणसं आली. मामांकडे बंदूक नाही हे ज्याला त्याला माहीत होतं, त्यामुळे मामा बघतील असं कुणालाच म्हणता येईना. इस्त्रीवाला गरम इस्त्री घेऊन आला आणि वायर पुरली नाही म्हणून मध्येच ती टाकून तसाच आला. दुसऱ्या मजल्यावरचे सर स्कूटरच्या किल्ल्या फिरवत आले. मामी अर्ध्या विंचरलेल्या केसांनी आल्या, त्यांनी जमिनीवरचा पाना उचलला, स्टुलावर ठेवला आणि त्याच्यावर बसल्या. पोलीस येईपर्यंत उठणार नाही म्हणाल्या. मी काय केलं म्हणाल, तर मी आरसा धरून होते. जड होता आणि खाली ठेवायला जागा नव्हती.

पोलिसांबरोबर साहेब स्वतः आले. एका बाहीच्या मामांना बघून म्हणाले, "उडवलात म्हणायचा शेवटी." मामांना हसायला येत होतं आणि खांदा दुखत होता, म्हणून त्यांनी दोन्ही करून घेतलं.

उरलेली बाही टेलरताईने तासाभरात लावली. दर दोन टाक्यांनी ती दाराकडे बघत होती. बाही उलटी लागली. मी सांगणार होते, मामांनी माझ्या पायावर पाय दिला. लग्नाच्या प्रत्येक फोटोत मामांचा डावा हात आपण कुठल्या तरी दुसऱ्याच माणसाचे आहोत असा दिसतो.

गॅरेजवाला काही आठवड्यांनी जामिनावर सुटला. ठाण्यातून मामांना फोन येत होते, चौकशी संपली, बंदूक घेऊन जा. मामा खांद्याचं कारण सांगून टाळत होते, पण जायचं मनात होतं. चालही पुन्हा थोडी बंदोबस्ताची व्हायला लागली होती. एका दुपारी ते आतल्या अंधाऱ्या खोलीत एका आजोबांचे डोळे तपासत होते आणि मी भिंगं पोचवायला बाहेरगावी गेले होते. संध्याकाळी परतले तर गल्लीत जिकडेतिकडे माणसं घोळक्याने बोलत उभी. गॅरेजवाला आला होता. टेलरताईने हाक मारली होती. इस्त्रीवाला, सर, चहावाला, दोन-तीन बायका, सगळे गाळ्यासमोर जमले, आणि तो इतकी तोंडं बघून आल्या पावली परत गेला. साहेबांनी त्याला पुन्हा बोलावून घेतलं.

मामांना हे सगळ्यात शेवटी कळलं. ते फार दुखावले.

"मला कुणी बोलावलं कसं नाही?" त्यांनी इस्त्रीवाल्याला विचारलं.

"आठवलंच नाही हो, मामा," इस्त्रीवाला म्हणाला, आणि ते अगदी खरं होतं.

मग ते समोरच्या गाळ्यात गेले. मीही मागोमाग गेले, कारण मामा दुखावले की भलतंच बोलतात. टेलरताई कुणाच्या तरी परकराला नाडीची शिवण घालत होती. मामा म्हणाले, "ऐकलं मी. हाक मारलीस म्हणे."

"मारली."

"मग आधी का नाही मारलीस? त्या खोलीत होतीस तेव्हा? किती वेळा सांगितलं होतं मी तुला, एक हाक मार, बंदूक घेऊन येतो म्हणून."

तिने मशीन थांबवलं. 

"म्हणूनच नाही मारली, मामा," ती म्हणाली. "मला मार थांबवायचा होता. माणूस मारायचा नव्हता. मुलीचा बाप आहे तो. हाक मारली असती, तुम्ही आला असतात, आणि कुणीतरी मेलं असतं. रोज रात्री तोंडात पदर कोंबून मी तेवढाच विचार करायचे, की आवाज खाली जायला नको."

मामा खाली बसले. स्टूल होतं म्हणून बरं. ते म्हणाले, "म्हणजे मी गल्लीत नसतो तर तू आधीच हाक मारली असतीस?"

टेलरताईने दाताने दोरा तोडला.

"तुम्ही नाही हो मामा," ती म्हणाली. "बंदूक नसती तर."